आजोळचं की घरचं?

शंकर नगर, रायपूर
१२ जुलै २०१९

ती. सौ. ईराताईस,
शि. सा. न. वि. वि.

अमरकंटकला जाता जाता घरी थांबलो, अन् अडकलो. पत्र अशासाठी, की आपल्या चारूदादाला पाकिटावर तिकीट चिकटवायचं होतं.

तो वयानं माझ्याहून मोठा, समजेनं लहानच. पण त्याच्यासारख्यांच्या कार्यशाळेत उदबत्त्या किती नीट बांधायचा. आता कार्यशाळेनं त्याला घरी बसवलंय. रागात मारतो, अन् गोळ्या वाढवल्या की दिवसभर पेंगतो. राग उतरला तरच परत घेऊ, असं तिथल्या क्षमादीदी म्हणाल्या. तो मात्र रोज डबा घेऊन दाराशी उभा.

मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी जनुकांची तपासणी सांगितली. त्याच्यासोबत आईबाबांचंही रक्त हवं. झालं, घरात कुरुक्षेत्र! बाबा म्हणे, आम्ही भोसल्यांच्या काळापासूनचे रायपूरकर, आमच्यात असलं काही नाही, हे आजोळचं. आई म्हणे, माझ्या माहेरी सगळे रेल्वेत, कधी सिग्नल चुकला नाही. बाबा तर चारूदादालाही नेऊ देईनात. तूच काही कर. (नव्या रायपूरचे रस्ते पाहिलेस? एवढे रुंद, अन् बस एक नाही.)

तुझा,
शिशिर

नागपूर
१९ जुलै

चि. शिशिर यास अनेक आशीर्वाद.

बाबांना वेगळं लिहिलंय, की घराण्याची अब्रू कोणी तपासून नाही राहिलं, पोराचं औषध शोधून राहिले. तुले एकच सांगते, रिपोर्ट येईपर्यंत अमरकंटक जागचं हलत नाही. तूही हलू नको.

तुझी ताई,
ईरा

रायपूर
१४ ऑक्टोबर

ती. सौ. ईराताईस,
शि. सा. न. वि. वि.

हललो नाही. बाबा गेले, रक्त दिलं. रिपोर्ट असा, की चारूदादाच्या एका गुणसूत्राचा बारीक तुकडा जन्मापासूनच नाही. आईबाबा दोघांतही तो शाबूत. म्हणजे दोष ना घरचा, ना आजोळचा. दोघं असे हिरमुसले, जशी जिंकत आलेली केस कोर्टानंच काढून टाकली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुकडा काही परत बसवता येत नाही, पण अशांच्या रक्तात कॅल्शियम कमी पडू शकतं, त्यानंही चिडचिड होते. पाहिलं, तर खरंच कमी. ते सुरू केलं, पेंग आणणारी गोळी हळूहळू अर्ध्यावर आणली. दोन महिने झाले, कोणावर हात नाही उचलला.

आज त्याला कार्यशाळेत घेऊन गेलो. क्षमादीदींनी फाटकाआडूनच विचारलं, अब गुस्सा आता है क्या?

चारूदादा विचार करून म्हणाला, "मले नाही. घरी बाबाले येते."

दीदींनी हसत फाटक उघडलं.

माया आहे तशी राहू दे. वाढली तर चारूदादाच्या वाट्याला घाल.

तुझा,
शिशिर