लॅमिनेट केलेलं टाइमटेबल

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.१०
शिरवळची नोकरी सुटून आज एकशे एक दिवस. शुभ आकडा. आजपासून शिस्त. क्वालिटी डिपार्टमेंटला अठरा वर्षं काढलीत. सिस्टीम लावली की माल आपोआप सुधारतो, हे मला कुणी शिकवायला नको. चार्ट पेपर आणला, चार रंगांची स्केचपेनं आणली. ५.०० उठणे. ५.३० फिरणे. ८ ते ११ नोकरीचे अर्ज. ११ ते १ इंग्लिश स्पीकिंग. रोज पाळलं की पुढं टिक.

संध्याकाळी
कराडला जाऊन टाइमटेबल लॅमिनेट करून आणलं. दोन दुकानं बंद होती. अर्ज राहिले. उद्या.

७ जानेवारी
उठलो ८.४०. रूट कॉज: आप्पांचं मिलिटरीचं ब्लँकेट, फार ऊबदार. करेक्टिव्ह ॲक्शन: उद्यापासून चादर.

८ जानेवारी
चादरीत थंडीनं झोप नाही. सबब उठलो ९.१५.

९ जानेवारी. दुपारी
खरी अडचण घरातलीच माणसं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, हवालदार म्हणून रिटायर झाले. आता सदुसष्टाव्या वर्षी रोज पहाटे बूट चकाचक करून, डबा घेऊन माजी सैनिकांच्या कट्ट्यावर जातात. परत येतात चार वाजता. गप्पा हाणायला डबा लागतो! संयोगिताला म्हणालो, त्यांनाही एक टाइमटेबल करून देऊ. आधी तुमचं पाळा म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बायकोला सिस्टीम कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार
दोरीवर आकाशी शर्ट वाळत होता. खांद्यावर पट्ट्या, रंग अजून जराही उतरलेला नाही. कुणाचा म्हणून विचारलं. आवं, आप्पांचा जुना हाय, असं संयोगिता म्हणाली. हातात घेऊन तपासला. पूर्वीचं कापडच वेगळं. वीस वर्षांनी नव्यासारखं.

१४ जानेवारी. संक्रांत
तिळगूळ देताना आप्पा म्हणाले, वीरू, तासवड्याच्या एमआयडीसीत तुझ्याच कामाची जागा हाय. मी बोललोय. गुरवारी साडेधाला इंटरव्ह्यू. बायोडाटा मेल करतो म्हणालो, तर म्हणे, तो कवाच दिलाय, तू फकस्त टायमात ये. मी जाणार, आणि हे म्हणतात ये. वय झालं. पण कट्ट्यावरच्या ओळखी कामाला आल्या म्हणायच्या.

१६ जानेवारी, गुरुवार. सकाळी ९.२०
उठलो ८.१०. प्रगती. संयोगिता म्हणते, आवं निघा आता. पण फिरणं बाकी होतं. आजच्या दिवशीच सिस्टीम मोडली तर कसं? फिरून आलो. आता दाढी, अंघोळ. शिवाय फार लवकर पोचलं की माणूस गरजू वाटतो.

दुपारी ३.३०
पोचलो १०.५२.

गेटवर आकाशी शर्ट. आप्पा. आत शिरणाऱ्या एका पोरसवदा साहेबाला त्यांनी कडक सलाम ठोकला. मग माझ्याकडं वळले आणि हळूच म्हणाले, वीरू, साडेधानंतर आत सोडायचं न्हाई, अशी ऑर्डर हाय. घड्याळ बघितलं. मला बघितलं. रजिस्टर ओढलं आणि माझ्या नावापुढं लिहिलं, इन टाइम १०.२०. पळ लवकर, म्हणाले.

गावातल्या सगळ्या पोरांचा जन्म शाळेत १ जूनला लागला. माझाच तेवढा खरा लागला, कारण आप्पा खोटं लिहू देईनात.

आत मॅडम म्हणाल्या, तुम्हाला उशीर झालाय. मी सॉरी म्हणून उठायला हवं होतं. मी म्हणालो, गेटचं रजिस्टर मागवा, त्यात १०.२० लिहिलंय. अठरा वर्षं मी दुसऱ्यांची रजिस्टरं तपासली, खोटी नोंद मला लांबनं कळते. तरी म्हणालो. त्यांनी रजिस्टर मागवलं. मग कॅमेरा बघितला.

मला नको म्हणाले. आप्पांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. त्यांनी शिट्टी आणि टोपी टेबलावर ठेवली, त्या मॅडमलाही सलाम केला. येताना गाडीवर माझ्यामागं बसले होते. मला रडू येत होतं, हेल्मेट होतं म्हणून बरं.

घरी आल्यावर संयोगितानं सांगितलं. नोव्हेंबरपासनं जात हुते. तुमाला सांगू नगं म्हणले, त्याचं मन खचंल.

१७ जानेवारी, शुक्रवार. पहाटे
जाग आली ५.०० ला. अलार्मशिवाय.

बूट दाराशी, रात्रीच पॉलिश केलेले. डबा फळीवर पालथा. आप्पा अंथरुणावर जागेच, आढ्याकडं बघत. पायाशी बसलो. म्हणालो, आप्पा, माझ्यामुळं झालं. त्यांनी आपलं ब्लँकेट माझ्या अंगावर टाकलं. झोप रं जरा, म्हणाले, अजून लय येळ हाय. आता कुटं जायाचंय.

झोप आली नाही. ब्लँकेट तसंच अंगावर घेऊन भिंतीवरच्या टाइमटेबलपाशी गेलो. '५.०० उठणे' पुढं टिक करावी म्हटलं, पहिलीच. तीनदा केली.

लॅमिनेशनवर स्केचपेन उठत नाही.