आमश्याचा दगड अजून आडवा

५ जाने.
नाव आहे. देवरेंनी सांगितलं. नौदलातून निवृत्त माणूस, समुद्रकाठच्या स्मारकापर्यंत स्वतः जाऊन आले. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर उतरताना मेलेले खलाशी, त्यात 'आमश्या वसावे, मोलगी'. म्हणजे गणेश जीपवाल्यानं बातमीसाठी पाठवलेला त्या नावाचा फोटो खरा. आमश्या त्याचा पणजा.
तरी मन घेत नाही. सातपुड्यातला माणूस थेट नौदलात?
बायको, कुसुम, म्हणाली, "तुमले देव भेटना तरी आधारकार्ड मांगशात!"

७ जाने.
मोलगीला गेलो. रायमीबाई, गणेशची आजी, आमश्याची लेक. ऐंशीच्या पुढे. शेताच्या बांधावर दगड आडवा पडलाय. मेलेल्याच्या नावानं उभा करायचा असतो. हिच्या आईनं जन्मभर उभारू दिला नाही. "मेला कोणी पाहिला?" म्हणायची. रायमीबाईंना तो आपल्या हातानं उभा करायचाय, हात चालताहेत तोवर. पंच अडून बसलेत: पेपरात येऊ दे, मग.
बाप आठवतो का, विचारलं.
"कसा आठवेल? मी पोटात होते." मग म्हणाली, "बाजारात आला होता एकदा. गूळ दिला मला."
गणेश घाईनं, "आजी, तो दुसरा कोणी."
तेव्हा ती बकऱ्या चारायची म्हणे. म्हणजे युद्ध संपून बरीच वर्षं...
 

८ जाने.
देवरेंना फोन. यादी चुकते का? "बोट बुडाली की न सापडलेले सगळे मेलेलेच धरायचे. त्यातून कोणी वाचून घरी गेला, तर कळवायला थोडाच येतो?"
संपादकांना हे सांगितलं नाही. त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत बातमी हवी.

९ जाने.
सकाळीच पुन्हा गेलो. गणेशला न कळवता, दुसऱ्या जीपनं. रायमीबाई भाकरी थापत होत्या.
"गूळ देणारा कोण होता?"
"आई त्याच्याशी बोलली नाही. तोंड फिरवून उभी राहिली. तो गेला खाली, गुजरातकडे."
"म्हणजे बापच. तुम्हाला माहीत होतं."
"होतं."
"मग समुद्रावर मेला असं मी कसं लिहू?"
तव्यावरची भाकरी उलटली तिनं. "आता तरी मेलाच असेल ना, दादा? शंभराच्या वर कोण जगतं? तू 'मेला' एवढंच लिही."

दुपार. बातमी झाली, एक ओळ सोडून. कुठे मेला, ती अजून कोरी. रविवारी पंच बसणार, गणेश त्यांना पेपर वाचून दाखवणार. संपादकांचा दुसरा फोन येऊन गेला.