मोहरीचं काडतूस

प्रिय गिरिजा,

लोकांच्या लेकी परदेशातून आईला फोन करतात आणि विचारतात, आमटीत चिंच किती घालू. माझी लेक विचारते, काडतुसावरचा चार नंबर मोठा की सहा नंबर. बाई गं, मी हसले आणि बघून सांगते म्हणून फोन ठेवला. पण ठेवताना तुझा आवाज ऐकला होता. ते पंख मोडलेलं बदक तळ्याच्या मधोमध होतं, हाताला लागत नव्हतं, बार काढून त्याला तडफडीतून सोडवायचं काम तुझं होतं. तू नेम धरलास आणि बोट हललंच नाही. दिवस मावळेपर्यंत ते तिथंच पाणी झोडपत राहिलं. आता तुझे साहेब म्हणतात, पुन्हा असं झालं तर तळ्यावरचं काम दुसऱ्याला देऊ. ज्या कामासाठी तू उदगीरला जनावरांची डॉक्टरकी शिकलीस, डेन्मार्कच्या थंडीत राहून त्यांची बंदुकीची परीक्षासुद्धा दिलीस, ते काम. म्हणून नंबर नीट समजून घ्यायचाय म्हणालीस. बरं, आधी नंबरच सांगते.

मुद्दाम लातूरला गेले. गोलाईच्या मागे जिलानीभाईंचं बंदुकीचं दुकान अजून आहे. गिऱ्हाईक आता कमीच. जिलानीभाईंनी चहा मागवला आणि तुझं कौतुक ऐकून दोनदा माशाल्ला म्हणाले. मग समजावलं. आकडा जितका मोठा तितका छर्रा बारीक. आठ नंबर बारीक, सहा त्याहून जाड, चार आणखी जाड. एकाच्या पलीकडं गेलं की आकडे संपतात आणि अक्षरं लागतात, ते तर मोठ्या जनावरांचे. आणि तुमच्याकडं शिसं बंद आहे, कारण शिशाचे छर्रे तळ्याच्या तळाशी पडतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. म्हणून पोलादाचे. पण पोलाद शिशापेक्षा हलकं, त्याचा जोर लवकर सरतो. म्हणून शिशाचा सहा लागत असेल तिथं पोलादाचा चार घ्यायचा, दोन घरं जाड. आणि अंतर कमी ठेवायचं, लांबून बार काढायचा नाही. जिलानीभाई म्हणाले, देशोदेशीचे आकडे थोडे इकडंतिकडं असतात, खोक्यावर शेजारी मिलिमीटर छापलेले असतील तर त्यांच्यावर भरवसा ठेव. मी ऐकतच राहिले. एका बदकाच्या पोटात शिसं जाऊ नये म्हणून एवढ्या लोकांनी काडतूस बदललं, मला हे लई मोठं वाटलं.

आपल्या घरात मात्र कुणी आकडा बोलत नव्हतं. तुझे आजोबा, महादेवप्पा, धान्यावरून नावं घेत. आठ नंबर म्हणजे मोहरी, सहा म्हणजे बाजरी, दोन किंवा एक म्हणजे ज्वारी, आणि अक्षरवालं ते हरभरा. पिकाच्या राखणीसाठी परवाना होता, भिंतीला दुनळी टांगलेली. लिंगायताच्या घरात बंदूक, म्हणून पाहुणे चेष्टा करायचे. आजोबा म्हणायचे, डुकराला पंचांग वाचून दाखवलं तर ते ऐकंल का? बार बहुतेक वेळा हवेतच निघायचा. ज्वारी हुरड्याला आली की तुझी आजीसुद्धा माळ्यावर बसून बार काढायची. बसम्मा, जिला तू फक्त जपमाळ ओढताना पाहिलंस. मुंगीला साखर घालणारी बाई, आणि खांद्याला दस्ता लावला की पापणी हलायची नाही. तुला हे कधी कुणी सांगितलं नाही, कारण तिनंच सगळ्यांना बजावलं होतं की सांगायचं नाही. आज मी तिचा शब्द मोडते.

लातूर जिल्हा नवा झाला होता. मी लग्न होऊन चाकूरजवळच्या आपल्या गावी आले होते. लोक जिल्हा झाला म्हणून खूश, आणि पाऊस मात्र गेल्या सालापासून रुसलेला. विहिरी कोरड्या, गावच्या आडाला तेवढं पाणी, तेही खरवडून काढायचं. माणसांना नव्हतं तिथं जनावरांना कुठलं असणार? रानातलं सगळं गावाकडं सरकून आलं होतं. डुकरं, कोल्ही, लांडगे. आजोबांनी तुझ्या बाबांना ज्वारीची काडतुसं आणायला लातूरला पाठवलं. बाबा नवेनवे पदवीधर. दुकानात धान्याचं नाव काढायची त्यांना लाज वाटली. त्यांनी हिशोब केला, चपलेचा आठ नंबर पाचापेक्षा मोठा, तर काडतुसाचाही मोठाच असणार. जिलानीभाईंच्या वडिलांनी विचारलं, कशासाठी हवंय? हे म्हणाले, तुम्ही द्या, मला माहीत आहे. ऐटीत घेऊन आले. संध्याकाळी आजोबांनी एक काडतूस कापून ताटलीत ओतलं आणि घरभर मोहरी सांडली. आजोबांनी नुसतं लेकाकडं बघितलं. तुझे बाबा अजूनही फोडणीत मोहरी तडतडली की उठून बाहेर जातात. हे वाचून नाक मुरडतील, मुरडू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आजोबा स्वतः लातूरला गेले. परवाना जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात चढवायचा होता, काडतुसंही बदलून आणायची होती. वह्याबिह्या घेऊन गेले, दुनळी भिंतीवर. घरात उरली ती मोहरी. बाबा लांबच्या शिवारात जनावरांना पाला आणायला गेले होते. गावातले बाकीचे गडी रोजगार हमीच्या खडीवर.

ऊन चांगलंच चढलं होतं. आम्ही बायका आडावर घागरी घेऊन बसलो होतो, लहान पोरं आमच्या मांडीवर नाहीतर पायांत. मागून पाण्याला येणाऱ्या साखराबाईची ओरड ऐकली तेव्हा आम्हाला वाटलं घागर फुटली. बघतो तर वेशीच्या बाजूनं लांडगा येत होता. भर दुपारी, माणसांच्या अंगावर. तोंडाला फेस, मान एका बाजूला पडलेली, चाल फेंगडी. साखराबाईच्या दंडाला चावून तो तिच्यावरून पुढं आला होता. पिसाळलेला. आमच्या मागं आडाची भिंत आणि त्याच्याही मागं काटेरी कुंपण. पळायचं कुठं? पोरांना पोटाशी धरून आम्ही बसल्या जागी गोठलो.

तेवढ्यात गल्लीतून आजी आली. ओरड ऐकून तिनं दुनळी उतरवली होती. पदर खोचलेला, कपाळावर सकाळची विभूती. ती आमच्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली. मला एकदम आठवलं आणि मी ओरडले, अत्याबाई, आत मोहरी हाय! तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

“ठाव हाय. म्हनूनच जवळ येऊ दे.”

बारीक छर्रे लांबून मारले तर पसरतात. डुकरानं कान झाडला की गळून पडावेत, तसे. पिसाळलेल्याला तेवढ्यानं काय होणार, उलट तो जास्त खवळला असता. पण अगदी जवळून तेच छर्रे पसरायच्या आत एकजीव गोळा होऊन लागतात. तिला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असणं एक आणि तसं उभं राहणं दुसरं. तो येत राहिला. ती हलली नाही. मला वाटलं आता मार, आता मार, अगं माय आता तरी मार. त्याचा वास आमच्यापर्यंत आला, त्याच्या घशातली घरघर ऐकू आली. मी डोळे मिटले नाहीत, हे माझं नशीब. कारण मी जे बघितलं ते पुन्हा जन्मात बघणार नाही. एक म्हातारपणाकडं झुकलेली बाई, जिनं कधी अंडंसुद्धा शिवलं नाही, ती आमच्यासाठी उन्हात मेखेसारखी उभी होती. तिच्या पावलापासून हातभर अंतरावर तो उडी घ्यायला दबला आणि तिनं चाप ओढला. एकच बार. तो तिथंच पडला, हलला नाही.

मग तिनं बंदूक मधोमध उघडून न उडालेलं दुसरं काडतूस काढलं, बंदूक माझ्या हातात दिली आणि आधी साखराबाईकडं गेली. जखम साबणानं धू, धूत राहा, म्हणाली, आणि आडाचं पाणी त्यासाठी ओतायला लावलं. साखराबाईला त्याच दिवशी बैलगाडीतून चाकूरला आणि तिथून लातूरला नेलं. पोटात इंजेक्शनं झाली, ती वाचली, नातवंडं बघून गेली. लांडग्याला हात न लावता काठीनं खड्ड्यात ढकलून पुरलं. पुरताना आजी तिथंच उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हणाले, अत्याबाई, गावाला वाचवलंत आणि रडता का? तेव्हा ती जे बोलली ते मी आजवर मनात धरून आहे.

“आडाशी येऊन बी त्याला पानी पिता येत न्हवतं गं. आसली तहान वैऱ्याला बी नगं. सुटला बिचारा.”

आम्हाला त्याच्यात काळ दिसला होता. तिला त्याची तहान दिसली होती. पिसाळल्यावर पाणी समोर असूनही ते घशाखाली उतरत नाही, अशा जनावराला बघून तिला भीतीच्या आधी कळवळा आला, आणि कळवळा येऊनही तिचा हात थरथरला नाही. मी तिच्याकडं बघतच राहिले, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून तिला सासू म्हणून नाही बघितलं.

संध्याकाळी आजोबा ज्वारीची काडतुसं घेऊन आले. वेशीतच त्यांना सगळं कळलं होतं. घरी आले, पिशवी खुंटीला लावली आणि पाण्याची घागर उचलली. आम्ही तेव्हा तांब्याभर पाण्यात तोंड धुवत होतो. त्यांनी बायकोला न्हाणीत बसवलं आणि स्वतः उभं राहून घागरभर पाणी तिच्या हातांवर ओतलं. पुरुषमाणसानं असं करायची आमच्यात पद्धत नव्हती. मी दाराआडून बघितलं आणि मलाच भरून आलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. परवा तुझ्या तिकडचा मल्लिकार्जुन सुट्टीवर आला, चॉकलेटं दिली आणि रुमालात बांधलेली एक पुरचुंडी दिली. आत तुझी लिंगाची चांदीची डबी, दोऱ्यासकट. चिठ्ठी नाही, काही नाही. जन्मल्यावर स्वामींनी तुझ्या गळ्यात बांधलेलं लिंग तू उतरवून आईकडं पाठवलंस, आणि फोनवर मला नंबर विचारतेस. वेडे, नंबर चुकला म्हणून तुझं बोट अडलं नव्हतं. ज्या हातानं जीव घ्यायचा त्या हातानं लिंग कसं धरू, हे तुला विचारायचं होतं, आणि विचारता आलं नाही. तर ऐक. त्या संध्याकाळी आजीनं ओले हात पुसले आणि पूजेला बसली. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, आणि दुपारी ज्या बोटानं चाप ओढला होता त्याच बोटानं त्याला विभूती लावली. मला वाटलं थोडा वेळ थांबेल, कचरेल. नाही थांबली. रोजच्यासारखं डोळे मिटून बसली, उठली आणि भाकरी खाल्ली. डबी मल्लिकार्जुनबरोबरच परत पाठवते आहे, दोरा नवा घातलाय. पाकीट उघडलंस की आधी गळ्यात घाल. पुढचं पाखरू तडफडत असेल तेव्हा ती गळ्यातच असू दे.

तुझीच,
आई (गौरम्मा)