कवड्यापुढची वैरण

भाद्रपद वद्य ५, शके १८५३
हरण्या परत आला. कुशी आत गेलेल्या! चिमाजीच्या पाळीवर होता. आमचा वारंगुळा — माझा एक बैल, त्याचा एक, मिळून जोडी. ज्याच्या रानात नांगर, त्याच्या गोठ्यात दोन्ही बैल, वैरणही त्याचीच. त्याचा कवड्या मात्र तुकतुकीत. त्याच्या परसातला मका कुणाच्या पोटात गेला ते कळतं मला! वर हसून म्हणतो, "तात्या, तुमच्या बैलाचं तोंड बघा एकदा. लई लाड करून घेतो." चाळीस वर्षं बैल पाळले, आणि हा मला शिकवणार!

वद्य ६
डोळा लागला नाही. हरण्या मेला तर? या वयात दुसरा बैल कुठून आणू? हरभऱ्याचं रान तसंच पडेल. चिमाजीला सोडणार नाही.

वद्य ७
आता माझी पाळी. हरण्यापुढे मक्याची कणसं, पाल्यासकट. कवड्यापुढे गेल्या सालच्या कडब्याची वाळकी ताटं. काठ्याच त्या! हिनं पाहिलं. "अवं, भांडण माणसाशी आन् सूड मुक्या जनावरावर?" म्हटलं, तू चुलीकडं बघ.

वद्य ९
कवड्या हंबरतो. ऐकून बरं वाटतं.

वद्य १२
हरण्या खंगलेलाच. कणसं तशीच पडतात, काही नुसती चघळून टाकलेली, लाळेनं भिजलेली. दृष्ट लावली त्या चिमाजीनं! मीठ-मिरच्या उतरवल्या. कवड्याची ताटं निम्मी केली.

आश्विन शुद्ध ३
ढेकळं फुटता फुटत नाहीत. आज कवड्या नांगराच्या तासातच बसला. शेपूट पिळली, उठेना. चिमाजी धावत आला. "तात्या, काय झालं वो ह्याला?"
"मला काय ठावं? तुझ्याकडनंच तसा आला आसंल."
 तो कवड्याची मान चोळत बसला. बस म्हणावं! आता कळेल, आपला बैल झिजला की काय होतं ते.

शुद्ध ४
सकाळी चिमाजीची ठकुबाई पाटी घेऊन आली. भिजवलेला मक्याचा भरडा. वाटलं, कवड्यासाठी असेल. ती हरण्यापुढे बसली, त्याचा जबडा उघडून मला दाखवला. आतली दाढ काळी पडलेली.
"आमच्याकडं बी चावत नव्हता, तात्या. जात्यावर भरडून हातानं चारला, तवा येवढा तरी तगला. ह्यांनी सांगितलं न्हवं, तोंड बघा म्हून?"
हरण्या तिच्या हातातून खात होता. मी कवड्याकडे पाहिलं नाही. ती गेल्यावर त्याच्यापुढे सगळी कणसं ओतली. वास घेतला, मान फिरवली.

शुद्ध ५
कवड्या गेला. चिमाजी चावडीवर रडत म्हणाला म्हणे — "तात्यांच्या दावणीला व्हता, तेवढं बरं झालं. प्वाटभर खाऊन तरी ग्येला."