बर्फाच्या कारखान्यातली ऊबदार खोली

प्रिय अक्का,

दिवाळीपासून हे पत्र टाळतोय. कागद आणला त्याच दिवशी वालावलला दशावतार होता, तिथून एकाच्या होडीत बसून भलतीकडेच गेलो. तू म्हणशील, "सत्यवान, तुझो पाय एका जाग्यार ठरूचो नाय." पण ठरला गो! मालवणात भिकाजीशेठच्या बर्फाच्या कारखान्यात मशीनवर आहे, आणि अजून पळालेलो नाही.

पुढून बर्फ निघतो तो सगळे बघतात, मागे कुणी जात नाही. पाण्यातली ऊब ओढून मशीन ती मागे टाकतं. तिथल्या नळीतलं पाणी चांगलं कढत, आणि ते सरळ ओहोळात सोडतात! मशीनचे मिस्त्री म्हणाले, विजेची शेगडी ऊब नवी करते, हे मशीन असलेली ऊब नुसती वाहून नेतं, म्हणून तेवढ्याच विजेत तिप्पट मिळते. मी हुरळलो. मसुऱ्याला वीज आली की आपल्या घरीही असंच लहान मशीन बसवू म्हटलं. मिस्त्री हसले. घरच्या मीटरला दिव्याचा दर, तो इतका चढा की तिपटीचा फायदा तिथेच संपतो, त्यापेक्षा कोळसा परवडला. कारखान्याला पॉवरचा स्वस्त दर, आणि बर्फासाठी मशीन चालायचंच, ऊब वर फुकट. बांगड्याच्या हंगामात तर ते थांबतच नाही.

तुझं पहिलं बाळंतपण आठवतं. दारं-खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, आणि धुराने तुझा दमा असा उसळला की बाहेर ओसरीवर आम्हाला तुझा श्वास ऐकू येत होता. वैद्य म्हणाले होते, पुन्हा असा धूर सोसणार नाही.

म्हणून लिहितोय. मशीनमागची खोली शेठनी दिली आहे. ते कढत पाणी मी नळीने भिंतीभोवती फिरवलंय. धूर नाही, निखारा नाही. जानकीमावशी सोबतीला राहते म्हणाली. पौषात तू बाळंतपणाला इथेच ये. दाजी इथे आले तेव्हा आधी म्हणाले, "बर्फाच्या कारखान्यात बाळंतीण? लोक हसतले रे!" मग तेच मिठबावला तुझ्या सासूबाईंना विचारायला गेले. त्यांनी, काशीबाईंनी, साफ नाही म्हटलं, तुला बहुतेक कळूही दिलं नसेल.

थांब, दारात कोण आलं बघतो.

अक्का, काशीबाईच! कुणाला न सांगता एकट्या आल्यात. सरळ खोलीत गेल्या आणि दार लावून बसल्या. आत्ता पदराने घाम पुसत बाहेर आल्या नि म्हणतात, "खाट भिंतीपासून जरा लांब घाल रे. पोराक उकडतला."

तुझाच,
सत्यवान