काचेच्या खोलीत पंखा नसतो

६ फेब्रुवारी

नाचक्की झाली! लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

कारखान्याच्या वाटाघाटी. एका बाजूला परदेशी मालक, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना, मागे आमचा बूथ – दोन खुर्च्या, दोन माइक, तिन्ही बाजूंनी काच. पंखा नाही, माइकमध्ये त्याची घरघर जाते म्हणून. मालक बोलेल ते मी लगेच कामगारांच्या कानात सांगायचं. आणि दुभाषी 'ते म्हणतात' असं कधी म्हणत नाही. मालक 'मी' म्हणाला की मीही 'मी'च म्हणते. पंचवीस वर्षं हेच करतेय.

सव्वा अकराला छातीतून झळ उठली, पाळी जाताना येते ती. मान, कान, टाळू – सगळं पेटलं. मालक कागद चाळायला थांबला होता. माइक बंद करायचं राहिलं आणि मी बोलून गेले, "बास, आता मला एक मिनिटही सहन होत नाही."

मालकाच्या नावावर! सतरा कामगार प्रतिनिधी खुर्च्या सरकवून उठले आणि बाहेर पडले. मालक बिचारा पाण्याचा ग्लास धरून बघत राहिला. आपण असं काय बोललो, तेच त्याला कळेना. समजूत घालून सगळ्यांना परत बसवायला तासभर गेला.

१० फेब्रुवारी

कामं वाटणाऱ्या साहेबांनी बोलावलं. आवाज अगदी मधात बुडवलेला. "थोडे दिवस लेखी भाषांतरं करा. या वयात होतं असं. आमच्या मिसेसनाही झालं." थोडे दिवस म्हणजे किती? त्यावर एक जाडजूड फाइल पुढे सरकवली.

बूथमधल्या माझ्या जोडीदाराला आम्ही भोंगा म्हणतो. अख्खा हिवाळा तो माइकमध्ये खोकतो. त्याला कुणी लेखी काम देत नाही! मी हे बोलले तर साहेब म्हणतात, "बघा, चिडचिडही त्यातलीच."

११ फेब्रुवारी

पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका. चाळीस पानं. 'झडप घट्ट करावी.'

१४ फेब्रुवारी

ताईचा फोन. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, त्यामुळे उपदेश हा तिचा हक्कच. "अगं, सगळ्याच बायकांना होतं. आम्ही नाही का काढलं? तोंड दाबून सहन करायचं." तोंड दाबून! माझं पोट तोंडावर चालतं. फोन आदळला.

नवरा म्हणाला, खिडकी उघड.

१९ फेब्रुवारी

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे. सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला, म्हणून हार्मोनच्या गोळ्या मला वर्ज्य. दुसऱ्या गोळ्या देऊन झाल्या – त्यांनी तोंडाला कोरड पडते, आणि कोरड्या तोंडाने दुभाषी काय बोलणार? आज मी उठता उठता बाई सहज म्हणाल्या, "तसं मानेत एक इंजेक्शनही देतात, भूलतज्ज्ञ देतात ते. हार्मोनचा संबंध नाही. काही जणींना फरक पडतो."

हे कधीपासून आहे? "झाली की बरीच वर्षं." मग मला आजवर का नाही सांगितलं? "सर्रास देत नाहीत, म्हणून बोलले नाही."

म्हणजे मी चार वर्षं उशाशी टॉवेल घेऊन झोपले आणि बाईंना ठाऊक होतं. घरी चालत आले. गाडीत बसले असते तर कुणाशी तरी भांडले असते.

२७ फेब्रुवारी

भूलतज्ज्ञ डॉक्टर तरुण आहे, पण सरळ बोलतो. मानेच्या तळाशी मज्जातंतूंचा एक पुंजका असतो. सोनोग्राफीत बघत बघत त्याच्याशेजारी बधिर करणारं औषध सोडायचं. त्याने झळा का कमी होतात? "अंदाज आहेत, नक्की माहीत नाही. अभ्यास झालेत, पण लहान. काही जणींना काही महिने बरं वाटतं, काही जणींना काहीच नाही." गेल्या चार वर्षांत माझ्याशी खरं बोललेला पहिला माणूस.

"आवाज काही तास बसेल," म्हणाला. परत नाही आला तर? "येतो. क्वचित गुंतागुंत होते, तीही सांगून ठेवतो." आणि एकेक सांगितली. मी सही केली.

नवरा – "मानेत सुई? एवढ्याशा कारणासाठी?" दाढी करताना कापलं तर हा घर डोक्यावर घेतो.

६ मार्च

झालं. सुई जेमतेम पाच मिनिटं. उजवी पापणी उतरली, डोळा लाल, आवाज घोगरा. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर मात्र खूश – पापणी उतरली म्हणजे औषध बरोबर जागी पोचलं म्हणे. दुपारभर घड्याळाकडे बघत बसले. सात वाजता स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वर्तमानपत्र वाचलं. आवाज आला परत! रडले. लपवायचं काय त्यात.

७ मार्च

सहा झळा.

१५ मार्च

आधी रोज दहा-बारा यायच्या. आज दोन, त्याही मवाळ.

२४ मार्च

साहेबांना सांगितलं, मला बूथ द्या. "बरं वाटतंय ना? मग घ्या अजून आराम." म्हटलं, बूथ द्या, नाहीतर का देत नाही ते लिहून द्या. "चिडू नका हो." म्हटलं, साहेब, झळा गेल्या. हा राग माझा स्वतःचा आहे.

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि दोन तारखेच्या बूथपुढे माझं नाव लिहिलं.

२ एप्रिल

बूथ! तीन तास. एक झळ आली आणि गेली. एकही आकडा सुटला नाही. भोंगा खोकला, मी त्याचाही माइक बंद केला.

३ एप्रिल

फुशारकी मारायला ताईला फोन केला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या वेळी होतं का गं हे?"

तेरा वर्षांपूर्वी तिने शाळेतली नोकरी सोडली, ती नातीला सांभाळायला – असं आम्ही सगळे समजत होतो. तसं नव्हतं, ते आज तिने सांगितलं. मुलांनी फळ्यावर तिची घामाने भिजलेली पाठ काढली होती. तिने फळा पुसला, गणिताचा तास पुरा केला आणि राजीनामा लिहिला.

मी म्हटलं, ताई, मला सांगायचंस तरी.

पण तेव्हा मी एकदाही विचारलं नव्हतं.