नानाची हजेरी

ती. स्व. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामीची जीभ दोन्ही चालू असोत, एवढीच प्रार्थना (मामीला हे वाक्य वाचून दाखवू नका).

इकडची हकीकत अशी, की गेले अकरा दिवस मी कचेरीत दहाच्या ठोक्याला जातो आणि रोज गैरहजर लागतो. माझ्याऐवजी नाना हजर लागतो. हो, तोच, माझ्या टेबलाला टेबल लावून एकोणीस वर्षं बसलेला. मागच्या महिन्यात मी त्याला खांदा दिला. जिवंतपणी पठ्ठ्या अकराच्या आत कधी फिरकला नाही, आणि आता वक्तशीरपणाबद्दल सूचनाफलकावर त्याचं नाव झळकतंय.

झालं असं. आमची हजेरी लॅपटॉपवरून लागते. त्याच्या पोटात वायफायचं एक नखाएवढं कार्ड असतं. त्याला कारखान्यातच स्वतःचा वेगळा नंबर मिळतो. लॅपटॉप उघडला की कार्ड तो नंबर सांगतं आणि कचेरीचं नेटवर्क यादीत बघून माणूस ठरवतं. पुढ्यात कोण बसलंय, ते श्वास घेतंय का, ही चौकशी नाही. माझं कार्ड बिघडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "नानांचा लॅपटॉप कपाटात पडूनच आहे, त्यातलं टाकतो." मीच हो म्हटलं. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

साहेबांकडे गेलो. त्यांनी मला समोर बसवून, पडद्याकडे बघत सांगितलं, की तुम्ही आज आलेलेच नाहीत. नानाचं नाव यादीतून काढायचं, तर अर्जावर खुद्द त्याची सही लागते. पंधरा तारखेपर्यंत मी हजर दिसलो नाही, तर नोकरी गेली. या वयात मला दारात तरी कोण उभं करील? मामा, मी खरंच घाबरलोय.

बाकी क्षेम.

तुमचा भाचा

ता. क. नवं कार्ड येऊन आठवडा झाला. त्याचा नंबर माझ्या नावावर चढवूनही झालाय. बसवायला पाच मिनिटं लागतात. खणात पडून आहे.

आणखी एक. सकाळी लॅपटॉप उघडला की नानाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, आणि मी हळूच "आलास का रे?" म्हणतो. तो ठिपका माझ्या हातानं विझवायचा, हे मला जमत नाही. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. 'कार्ड बदल' एवढंच खडसावून लिहा.

शेवटचं. आज बारा तारीख. पत्र तुमच्याकडे पोचायला चार दिवस लागतात, हे मला ठाऊक आहे. फोन मात्र करू नका.